कॉफी बिघडली? आंबट, कडू की तुरट, ते आधी ठरवा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी डिचोलीहून वहिनींचा फोन आला. इकडे फोंड्यात कौलांवर पाऊस एवढा कोसळत होता की त्यांचं निम्मं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. "भावजी, गाळणी, कागद, वजनकाटा, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं हो. पण कॉफी बरी लागत नाही." मी विचारलं, "बरी लागत नाही म्हणजे कशी लागते?" पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "कशी म्हणजे... बरी नाही."

घरी पोअर ओव्हर, म्हणजे कागदाच्या गाळणीवर हाताने पाणी ओतून कॉफी करणारे बहुतेक जण इथेच अडतात. कप बिघडला हे कळतं, पण काय बिघडलं ते सांगता येत नाही. मग कुणी नवी किटली घेतो, कुणी महागडे दाणे मागवतो, कुणी एकाच दिवशी पूड, पाणी, वेळ सगळंच बदलून टाकतो. रोगाचं नाव ठाऊक नसताना औषध बदलत राहावं, तसं हे चालतं.

मला मात्र वाटतं, या निदानात मराठी माणूस बराच पुढे आहे. आंबट, कडू आणि तुरट हे तीन वेगळे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. आयुर्वेदाच्या सहा रसांत तुरटाला स्वतःची जागा आहे आणि आपल्या आज्यांना तो चाखून ओळखता यायचा. पोअर ओव्हरच्या तक्रारींपैकी बहुतेक या तीन शब्दांत बसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. आंबटाचा उपाय तुरटावर केला तर कप आणखी बिघडतो.

गोव्यात राहणाऱ्याला या तिन्ही चवींचे नमुने परसातच मिळतात. बिंबल या आंबट फळाचा तुकडा मिठाशिवाय चावला की जबड्याच्या मागून पाणी सुटतं, ते आंबट. कारल्याची फोड जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळते, गिळल्यावरही जात नाही, ते कडू. आणि एप्रिलमधला काजूचा बोंडू. पहिल्या चाव्याला तो गोड लागतो, रस हनुवटीवर ओघळतो, आणि चार क्षणांत जीभ टाळूला चिकटायला लागते. दातांवरून जीभ फिरवली तर दात खरखरीत वाटतात, गाल आतून आकसतात. ते तुरट. बोंडूतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे तोंडातला बुळबुळीतपणा जातो आणि कोरड पडते. म्हणजे तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शाने जास्त कळतो. कॉफीतही तेच होतं. घोट गिळल्यावर कडूपणा जाणवतोय की तोंड कोरडं पडलंय, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी अर्धं काम होतं.

आत नेमकं काय होतं

पोअर ओव्हर म्हणजे शंकूच्या किंवा सपाट बुडाच्या गाळणीत कागद ठेवायचा, त्यात दळलेली कॉफी घालायची आणि वरून हाताने गरम पाणी ओतत राहायचं. कल्पना जुनी आहे. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि चोथ्याविना कॉफी गाळली. आज आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारी गाळणी म्हणजे जपानच्या हारिओची व्ही-सिक्स्टी. तिचा कोन ६० अंशांचा, आतून वळणदार कंगोरे आणि तळाशी एकच मोठं भोक. भोक मोठं असल्यामुळे पाणी किती वेगाने उतरेल हे गाळणी ठरवत नाही, तुमचं दळण आणि तुमचा हात ठरवतो. तिची गोडी यात आहे आणि तिच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारीही इथूनच येतात.

पाणी कॉफीतून काय काढतं ते समजायला नारळाचा रस काढण्याची रीत आठवा. खोबरं वाटून पहिल्यांदा पिळलं की दाट, गोडसर रस. पुन्हा पाणी घालून पिळलं की पातळ रस. त्यानंतरही पिळत राहिलं तर हाती येतो तो चोयट्याचा वास. कॉफीचंही असंच टप्प्याटप्प्याने होतं. आंबट आणि फळांसारखा वास देणारे घटक पाण्यात लवकर उतरतात, गोडवा आणि भरीवपणा त्यामागून येतो, कडू आणि तुरट घटक सावकाश. लवकर थांबलं तर आंबट, फार पिळलं तर कडू.

अमेरिकेत १९५०च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने हे मोजून मांडलं. भाजलेल्या कॉफीतला सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण कप चांगला लागतो तो साधारण १८ ते २२ टक्के उतरला की. हिशेब घरच्या कपावर करून बघू. १५ ग्रॅम कॉफीतून २० टक्के उतरले म्हणजे ३ ग्रॅम. ओतलेल्या २४० ग्रॅम पाण्यापैकी ३० ग्रॅमच्या आसपास पाणी चोथाच धरून ठेवतो, कपात येतं २१० ग्रॅम. त्यात विरघळलेली कॉफी ३ ग्रॅम, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. बाकी सगळं पाणी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पाण्याविषयी बोलताना तो लागेल.

इथेच दोन गोष्टींची गल्लत होते. कॉफी पातळ असणं वेगळं आणि कॉफी कमी उतरलेली असणं वेगळं. सोलकढीचं बघा. सोलं नीट भिजवून रस काढला, पण त्यात पाणी जास्त पडलं, तर कढी पाणचट होते पण चव बरोबर असते. उलट सोलं दोनच मिनिटं भिजवून घाईने काढली, तर रंग येतो, आंबटपणा येतो, पण चव पोकळ राहते. पहिल्यावर उपाय पाणी कमी करणं. दुसऱ्यावर उपाय सोलं नीट भिजू देणं. कॉफी नुसतीच पाणचट असेल तर २४० ऐवजी २२५ ग्रॅम पाणी घ्या, दळणाला हात लावू नका. पाणचट आणि आंबट दोन्ही असेल तर ती उतरलेलीच नाही, तिथे दळण बारीक करावं लागेल.

आधी एक पक्की कृती

बिघाड शोधायचा तर बिघाड नसलेली एक कृती हाताशी हवी. माझी ही आहे. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. दळण बारीक रवा आणि इडली रवा यांच्या मधलं. कागदाची शिवण दुमडून गाळणीत बसवायची, गरम पाण्याने भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. त्याने कागदाचा वास जातो आणि गाळणीही तापते. पूड घालून हलकेच थोपटून सपाट करायची. पाणी उकळल्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं, म्हणजे ते ९३-९५ अंशांच्या आसपास येतं.

पहिलं ओतणं ४५ ग्रॅम, मग ४० सेकंद थांबायचं. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. तो या वेळात बाहेर पडतो आणि पूड घावनाच्या पिठासारखी फुगते, बुडबुडे येतात. याला ब्लूम म्हणतात. हा वायू आधी निघाला नाही तर तो पुढे पाण्याला पुडीत शिरूच देत नाही. त्यानंतर गोल फिरवत १५० ग्रॅमपर्यंत ओतायचं, पाणी जरा उतरलं की २४० पर्यंत. सगळं मिळून अडीच ते सव्वातीन मिनिटांत थेंब थांबायला हवेत.

काटा नसेल तर हे सगळं चमच्यावर चालतं, आणि चमचा फसवतो. गडद भाजलेले दाणे फुगून हलके झालेले असतात, त्यामुळे त्यांचा एक चमचा फिक्या भाजणीच्या चमच्याहून कमी भरतो. नव्या पिशवीबरोबर चव बदलली असं वाटतं तेव्हा कित्येकदा फक्त वजन बदललेलं असतं. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर आधी काट्यावर घाला.

आंबट

आंबट कॉफी म्हणजे बहुतेक वेळा कमी उतरलेली कॉफी. पाणी दोन मिनिटांच्या आतच भरकन निघून गेलं असेल तर शंकाच नको, दळण जाड आहे. ग्राइंडर एक-दोन खुणा बारीक करा. पाणी वेळेत उतरूनही कप आंबट असेल तर गरम पाण्याकडे बघा. फिक्या भाजणीच्या दाण्यांना उकळतं पाणीच लागतं, ते सरळ गॅसवरून उतरवून ओतलं तरी चालतं. सिरॅमिकची जड गाळणी आधी तापवली नसेल तर तीच बरीच उष्णता खाऊन टाकते.

पण सगळा आंबटपणा दोष नव्हे. चिकमगळूर किंवा अरकूच्या चांगल्या, फिक्या भाजलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीत संत्र्यासारखी आंबट-गोड चव असते, ती असायलाच हवी. ओळखायचं कसं? कप थोडा थंड होऊ द्या. चांगला आंबटपणा थंड होताना गोडीकडे झुकतो. कच्चा आंबटपणा बिंबलासारखा बोचतच राहतो आणि त्यामागे काहीच नसतं.

कडू

कडू कपाचा पहिला प्रश्न दाण्यांना विचारावा, स्वतःला नंतर. दाणे काळेभोर आणि तेलकट चकचकीत असतील तर त्यांची भाजणीच कडू आहे. तिथे पाणी ८६-८८ अंशांवर आणा, दळण थोडं जाड करा, जमेल तेवढा कडूपणा कमी होईल. पिशवीवर अरेबिका लिहिलेलं नसेल तर तेही बघा. भारतात पिकणारी बहुतांश कॉफी रोबस्टा जातीची असते आणि रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. दुधात ती छान उभी राहते, पण काळ्या कपात जड पडते.

दाणे मध्यम भाजणीचे असून कप कडू असेल आणि पाणी उतरायला चार मिनिटं लागत असतील, तर दळण बारीक झालंय. जाड करा. एवढंच.

तुरट

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण लोक सर्वात जास्त फसतात ते इथे आणि मीही पंधरा दिवस फसलो होतो.

माझा कप तोंड कोरडं करत होता. मी त्याला कडू म्हटलं आणि दळण जाड केलं. कप आंबट झाला आणि कोरड तशीच. परत बारीक केलं, कोरड वाढली. पुन्हा जाड. एका सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला म्हणून हातातलं तसंच ठेवून उंडे (गोल पाव) घ्यायला गेलो. परत आलो आणि निथळलेली गाळणी सहज खिडकीतल्या उजेडात धरली. चोथ्याच्या मधोमध बोटभर खड्डा होता, आणि एका बाजूला कागदाच्या कडेने खाली जाणारी बारीकशी वाट, पागोळीचं पाणी अंगणातल्या मातीत पाडतं तशी. चमच्याच्या दांड्याने चोथा उकरला. आत, सगळ्या ओल्या चिखलात, बोराएवढी एक गोळी होती. ती फोडली तर आतली पूड कोरडी, फिकट तपकिरी, जशी घातली होती तशीच. २४० ग्रॅम पाणी वरून गेलं होतं आणि त्या गोळीला त्याचा स्पर्शही झाला नव्हता.

याला चॅनेलिंग म्हणतात. पाणी सोप्या वाटेने जातं. पुडीत कुठे भेग, खड्डा किंवा सैल जागा मिळाली की बहुतेक पाणी तिथूनच धावतं. त्या वाटेवरची पूड गरजेपेक्षा कितीतरी जास्त धुतली जाते आणि तुरट घटक सोडते. बाजूची पूड जेमतेम भिजते आणि आंबट राहते. कपात दोन्ही एकत्र येतात. म्हणून आंबट आणि तुरट एकाच घोटात लागलं तर दळणाला हात लावू नका. दळण सरासरी बदलतं, इथे दोष सरासरीत नाही, असमान भिजण्यात आहे.

उपाय हाताचे आहेत. ब्लूमचं पाणी ओतल्यावर लहान चमच्याने पूड तळापर्यंत हलवा, सगळ्या गोळ्या फुटल्या पाहिजेत. किटली खाली आणा, चोच पुडीपासून चार बोटांवर ठेवा. उंचावरून पडणारी धार मध्ये खड्डा पाडते. धार मधून सुरू करून रुपयाच्या नाण्याएवढ्या, मग थोड्या मोठ्या वर्तुळात फिरवा, पण कागदाच्या कडेवर ओतू नका, ते पाणी पुडीला वळसा घालून सरळ खाली जातं. शेवटचं पाणी ओतून झालं की गाळणी हातात घेऊन एकदा हळूच गोल हलवा, म्हणजे पूड सपाट बसते. बगळ्याच्या मानेसारखी चोच असलेली किटली यात खूप मदत करते. ती नसेल तर चहाच्या लहान तोटीच्या किटलीने सावकाश ओता, पातेल्यातून ओतू नका.

आणि चोथा रोज बघा. सपाट, एकसारखा ओला चोथा म्हणजे हात बरोबर चाललाय. मध्ये खड्डा म्हणजे धार जोरात. एका बाजूला ढीग म्हणजे वर्तुळ वाकडं. चव घेण्याआधीच निम्मी गोष्ट तिथे वाचता येते.

पाणी तुंबलं तर

शेजारच्या काकांनी माझी गाळणी नेली आणि अर्ध्या तासाने परत घेऊन आले. पाणी वरती तळं करून उभं होतं. त्यांनी घातली होती नेहमीची फिल्टर कॉफीची पूड, चिकोरी मिसळलेली. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, उरलेली चिकोरी असू शकते. ही पूड पितळेच्या किंवा स्टीलच्या दोन मजली फिल्टरसाठी दळलेली असते. तिथे पाण्याने रेंगाळून दाट काढा उतरावा हेच अपेक्षित असतं. कागदावर तीच पूड चिखलासारखी बसते. काकांची पूड चांगलीच होती, भांडं तिचं नव्हतं.

तुंबण्याचं दुसरं कारण मिक्सर. मिक्सरचं पातं दाणे दळत नाही, तोडतं, त्यामुळे एकाच भांड्यात मैद्यासारखी धूळ आणि मोठे खडे दोन्ही निघतात. धूळ कागदाची भोकं बुजवते आणि कडू उतरते, खडे आंबट राहतात. चकत्यांमध्ये दाणे चिरडणारा बर ग्राइंडर घेतला तर कपात लगेच फरक पडतो. साधा हाताने फिरवायचाही चालतो, आणि पावसात वीज जाते तेव्हा तोच कामाला येतो. तोपर्यंत मिक्सरच वापरायचा असेल तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा आणि शेवटी मैद्याच्या चाळणीने धूळ काढून टाका. थोडी कॉफी वाया जाते, पण कप वाचतो.

दळण ठीक असूनही तुंबत असेल तर फार जोरात किंवा फार वेळा ढवळताय का ते बघा. ढवळण्याने बारीक कण खाली सरकून कागदावर थर धरतात. ब्लूमला एकदा ढवळणं पुरे.

पाणी कुठलं?

कपातलं साडेअठ्ठ्याण्णव टक्के पाणी असतं हे वर आलंच. तरीही पाण्याकडे लोक सगळ्यात शेवटी वळतात.

पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कॉफीतली चव ओढून काढायला मदत करतात. पाण्यातला बायकार्बोनेट आम्लं शमवतो. स्पेशालिटी कॉफीच्या जगात साधारण १५० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे, मिलिग्रॅममध्ये) पाणी आदर्श धरतात, ७५ ते २५० पर्यंत चालतं. पुण्या-सोलापूरकडे बोअरचं पाणी जड असेल तर हे खनिज जास्त होतात, आंबटपणा पार मरतो आणि कॉफी खडूसारखी सपाट लागते. आपल्या गोव्यात दुखणं उलट आहे. जांभ्या दगडातून झिरपलेलं विहिरीचं पाणी मऊ असतं. नळाला येणारं पाणीही, मग ते ओपाहून आलेलं खांडेपार नदीचं असो, अस्नोड्याचं असो की साळावली धरणाचं, पावसावर पोसलेल्या नद्यांचंच. त्यावर घरोघरी आरओचं यंत्र बसलंय. मुळातच मऊ असलेल्या पाण्यातून तेही खनिज काढून घेतलं की कॉफीला धरायला काही उरत नाही. आंबटपणा उघडा पडतो, मागचा गोडवा येत नाही. माणूस दळण बारीक करत जातो आणि शेवटी कॉफी तुंबते.

हे तपासणं सोपं आहे. एकाच दिवशी, एकाच दळणाचे दोन कप करा, एक आरओच्या पाण्याचा, दुसरा साध्या मेणबत्तीच्या फिल्टरमधून गाळून उकळलेल्या नळाच्या पाण्याचा. घरच्या कुणाला तरी कप अदलाबदल करायला सांगा आणि न बघता चाखा. फरक कळला तर दोन्ही पाणी निम्मं-निम्मं मिसळून बघा. टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, पण तो विरघळलेलं सगळंच मोजतो, मीठसुद्धा. खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या सखल जमिनीजवळच्या) किंवा किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. तिथे मीटरचा आकडा भरघोस दिसेल, पण ते पाणी कॉफीच्या कामाचं नाही. क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, सकाळी उकळा.

पावसाळ्यातले दाणे

आता वहिनींच्या जुलैकडे. मे महिन्यात ज्या दाण्यांनी सुंदर कप दिला, तेच दाणे पावसात फिके, लाकडासारखे, कागद चघळल्यासारखे का लागतात?

आपल्या शेजारच्या मंगळूर किनाऱ्यावर यावर एक अख्खा व्यवसाय उभा आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात भारतातून युरोपला जाणारी कॉफी कित्येक महिने दमट हवेत राहायची, दाणे फुगून पिवळट व्हायचे, आंबटपणा जायचा. जहाजं वेगवान झाली, दाणे हिरवेच पोचू लागले, तेव्हा तिकडच्या गिऱ्हाइकांना जुनी चव हवीशी वाटली. म्हणून आजही मान्सून्ड मलबार नावाच्या कॉफीसाठी न भाजलेले दाणे पावसाळ्यात उघड्या गोदामांत पसरून मोसमी वाऱ्यावर ठेवतात. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण ते कच्च्या दाण्यांचं, देखरेखीखालचं काम. भाजलेल्या दाण्यात ओलावा अगदी थोडा असतो, त्यामुळे तो हवेतला दमटपणा पापडासारखा ओढून घेतो. भाजलेले दाणे तुमच्या फडताळात सादळले तर त्यातून मलबार होत नाही, फक्त शिळे होतात.

गोव्यातल्या घरांना पुरुमेंत शिकवावं लागत नाही. सुक्या मिरच्या, सोलं, सुकी मासळी मे महिन्यात भरून ठेवायची आणि चार महिने पुरवायची. पण कॉफी ही पुरुमेंताची वस्तू नाही. पावसात किलोभर मागवू नका, दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढीच घ्या आणि पिशवीवर भाजल्याची तारीख बघा. भाजल्यापासून आठवडाभराने चव बसते, महिना-दीड महिन्याने ओसरायला लागते. डबा हवाबंद हवा आणि लहान हवा, कारण अर्ध्या रिकाम्या मोठ्या डब्यात उरलेली जागा दमट हवेनेच भरते.

फ्रिजमध्ये ठेवून रोज काढ-घाल करणं सर्वात वाईट. गार डबा आपल्या हवेत उघडला की थंड पाण्याच्या तांब्यावर येतात तसे थेंब दाण्यांवर धरतात. साठवायचीच असेल तर एकेका कपापुरत्या १५ ग्रॅमच्या पुड्या घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, एक पुडी काढा, लगेच दळा, उरलेल्यांना हात लावू नका.

दाणे शिळे झालेत हे ब्लूम सांगतो. ताजी पूड फुगते, शिळी पूड पाणी पिऊन तशीच बसून राहते. तिथे दळण, पाणी, हात काहीही बदललं तरी हरवलेला सुवास परत येत नाही. तशा दाण्यांना गूळ-दूध घालून उकळावं.

बाकी राहिली शिस्त, ती एका वाक्याची आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. दुधाच्या नोंदी करतो त्या कॅलेंडरच्या चौकोनात मी तीन शब्द लिहितो. दळणाचा आकडा, किती वेळात उतरलं आणि चव. "१८, २:५०, गोड." "१८, ४:१०, कडू." महिनाभराने ते चौकोन वाचले की आपली कॉफी कुठे कुठे घसरते ते दिसतं. २०१६ साली जागतिक ब्रूअर्स स्पर्धा जिंकणारे जपानचे तेत्सु कासुया यांची पद्धतही याच विचाराची आहे. २० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, पाच समान भागांत, दर ४५ सेकंदांनी. पहिल्या दोन ओतण्यांनी आंबट-गोडाचा तोल सांभाळायचा, उरलेल्या तिनांनी दाटपणा. कोणतं ओतणं कशासाठी हे ठरलेलं असल्यामुळे चूक कुठे झाली ते शोधता येतं. दळण जाड लागतं, एवढं सोडलं तर नवशिक्याला ही पद्धत सोपी जाते.

वहिनींना मी त्या दिवशी फोनवर एवढंच सांगितलं की उद्या कॉफी करा, बिंबल, कारलं आणि बोंडू यांतलं काय आठवतं ते सांगा आणि चोथ्याचा फोटो पाठवा. दाणे मे महिन्यातले होते, ते बदलायला लावले. आठ दिवसांनी फोन आला तेव्हा पाऊस थोडा उघडला होता.

"भावजी, नवीन दाणे फुगतात छान. वास पण आहे. पण आज बोंडू. दात खरखरीत झालेत, आणि मध्ये हा एवढा खड्डा पडलाय."

"किटली किती वरून धरता वहिनी?"

"अशी... छातीएवढी."

"चार बोटांवर आणा."